आजचा सोनवणे

"बाई, सोनवणे बोलतोय. आहेर सर गेले..." सकाळी सकाळी फोनवर एवढं कानावर पडलं आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी विचारलं, "कोणता सोनवणे?" मग तो हळूच म्हणाला, "खरा, बाई." फोन ठेवला आणि मला हसू फुटलं, हसता हसता रडू आलं, आणि मग दोन्ही एकदमच चालू राहिलं. आमच्या घरच्यांना वाटलं, निवृत्तीनंतर हिचं काहीतरी बिनसलंय. त्यालाही आता तीन आठवडे झाले. ज्यांनी आहेर सरांचा वर्ग पाहिला नाही त्यांना यातलं काही कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

नाशिकला द्वारका चौकाजवळच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचे आणि भिंतीपलीकडे आहेर सर भूगोल. भिंत आपली म्हणायला. सर मूळचे सटाण्याकडचे, आवाज असा की रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवायचं सोडून द्यावं. माझ्या मुलांना समीकरणं आली नसतील, पण पर्जन्यछायेचा प्रदेश प्रत्येकाला पाठ होता. मी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवायचे, 'कृपया आवाज कमी करावा.' सर ती चिठ्ठी वर्गाला वाचून दाखवायचे, तीही मोठ्यानं. आणि शिकवताना त्यांना रागवायला कोणीतरी लागायचं. किक मारल्याशिवाय त्यांची स्कूटर सुरू होत नसे, आणि कोणाला रागवल्याशिवाय तास. त्या वर्षी हा मान सोनवणेकडे होता. तिसऱ्या बाकावरचा मुलगा, चेहरा देवघरात ठेवावा असा आणि उत्तर हमखास चूक. दर दहा मिनिटांनी भिंतीतून हाक यायची, "सोनवणे, काय करी ऱ्हायना रे तू? उभा राहा!" राग आला की सर थेट अहिराणीत उतरायचे.

नव्वदीच्या मध्यावर कधीतरी सरांचा घसा बसला, तो उठेचना. डॉक्टरांनी स्वरयंत्राजवळ गाठ असल्याचं सांगितलं. गाठ साधी होती, पण काढताना आवाज राहील की जाईल याची खात्री नव्हती. पंधरा दिवसांनी ऑपरेशन, तोवर कमीत कमी बोला, असं बजावलं. मुख्याध्यापकांनी लगेच ठरवून टाकलं की आवाज नसलेल्या मास्तरानं ग्रंथालय सांभाळावं, भूगोल दुसऱ्या कोणाला देता येईल. सरांनी ऐकून घेतलं आणि घरी जाताना टेपरेकॉर्डर आणि खोकंभर कोऱ्या कॅसेटी विकत घेतल्या. डॉक्टरांनी जपून ठेवायला सांगितलेला आवाज त्यांनी त्या पंधरा दिवसांत सगळाच्या सगळा खर्च करून टाकला. वर्षाचा भूगोल, धड्यामागून धडा. मी त्यांना वेड्यात काढलं. ते म्हणाले, "बाई, उरला तर वरचा नफा. नाही उरला तर वर्ग तरी हातचा जाणार नाही."

ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती कुजबुज, तीही कान तोंडाशी नेला तरच कळणारी. दोन महिन्यांनी सर शाळेत आले, टेबलावर टेप ठेवला, बटण दाबलं, आणि भिंतीतून पुन्हा तोच आवाज आला. माझ्या हातातला खडू खाली पडला. सर नकाशासमोर उभे राहून छडी फिरवत होते, हातवारे करत होते, आणि आवाज टेपातून येत होता. घोटाळा एवढाच होता की समोर मुलं असल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे, म्हणून घरी बसूनही ते वर्गात असल्यासारखेच बोलले होते. धड्यात ठिकठिकाणी, "सोनवणे, उभा राहा." मग प्रश्न. मग घड्याळ लावून सोडलेली पाच सेकंदांची शांतता. मग, "चूक. बस खाली." दुसरं काही उत्तर सोनवणेकडून यायचं नाही याची त्यांना खात्रीच होती. त्या शांततेत कुठे ट्रकचा हॉर्न होता, एका ठिकाणी तर वहिनींचा आवाज, "अहो, किती वेळ गप्प बसून राहणार, चहा निवतोय." दख्खनच्या पठाराच्या ऐन मध्यावर.

पुढच्या वर्षी सोनवणे पास झाला, हे एक आश्चर्यच, आणि पंचाईत झाली. टेप सोनवणेला उभं करायचा आणि वर्गात सोनवणे नव्हता. नवीन रेकॉर्डिंग करायला आवाज नव्हता. मार्ग मुलांनीच काढला. फळ्याच्या कोपऱ्यात दिनांक, पट, हजर असं लिहितात ना, त्याखाली मॉनिटर चौथी ओळ लिहू लागला, 'सोनवणे'. पुढे हजेरीपटाप्रमाणे ज्याची पाळी त्याचं नाव. त्या दिवशी त्यानं उभं राहायचं, उत्तर द्यायचं, ते बरोबर असलं तरी 'चूक' ऐकून घ्यायचं आणि बसायचं. पहिला नंबर काढणारी मुलगीही एक दिवस चूक ठरायची, ढ मुलगाही तेवढाच चूक ठरायचा. उत्तर द्यायची भीतीच गेली मुलांची. आम्ही बाकीचे मास्तर मात्र हसत होतो, मी सगळ्यात जास्त.

पण मुख्याध्यापकांना हा प्रकार रुचला नाही. टेप लावणं म्हणजे शिकवणं का, असं त्यांनी वर लिहून विचारलं आणि शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले. सरांचा वर्ग राहणार की जाणार, ते त्या एका तासावर ठरणार होतं. साहेब शेवटच्या बाकावर बसले, मुख्याध्यापक दारात, मी कारण नसताना खिडकीत. त्या दिवशीची सोनवणे शेख नावाची एक भित्री मुलगी होती. टेप गरजला, "सोनवणे, उभा राहा. गोदावरी कुठे उगम पावते?" ती मुलगी साहेबांकडे बघून थिजली. एक सेकंद, दोन सेकंद... सर तिच्याकडे बघून हात जोडायच्या बेतात आले होते. चौथ्या सेकंदाला साहेबांनाच राहवलं नाही. ते उठले आणि म्हणाले, "ब्रह्मगिरीवर."

"चूक," टेप म्हणाला. "नाशिकला राहून एवढं येत नाही? बस खाली."

साहेब बसले. खरं सांगते, सांगितल्याबरोबर बसले. मग मागून खसखस सुरू झाली, ती साहेबांचीच निघाली, आणि सगळा वर्ग फुटला. तास संपल्यावर त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'अध्यापन परिणामकारक. आवाज थोडा मोठा ठेवावा.' सरांनी ते वाचलं आणि पान माझ्यापुढे धरलं. इतकी वर्षं आवाज कमी करा म्हणून चिठ्ठ्या पाठवल्या होत्या मी.

बऱ्याच वर्षांनी खरा सोनवणे पुण्याहून आला. कॉम्प्युटरमध्ये चांगल्या नोकरीला लागला होता. सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवून त्यानं इंटरनेटवर टाकल्या आणि सांगितलं की याला आता पॉडकास्ट म्हणतात, बाहेरच्या देशांतले शिक्षक वर्गात वापरतात. सर त्याच्या कानाशी गेले. "बारसं आत्ता झालं म्हणायचं," ते कुजबुजले, "पोरगं तर कधीच शाळेत जाऊ लागलं." पुढे पेठ तालुक्यातल्या एका शिक्षकाचं पत्र आलं. गावात इंटरनेट नव्हतं, म्हणून ते शहरात येऊन धडे सीडीवर भरून नेत. 'आमच्या वर्गात सोनवणे कोणी नाही, गावित चालतील का?' सरांनी उलट टपाली कार्ड टाकलं, 'चालतील. बरोबर उत्तरालाही चूक म्हटले जाईल, वाईट वाटू देऊ नये.'

मागच्या रविवारी शोकसभा झाली, सरांच्याच वर्गात. भाषणं झाली, कोणाचंच धड होईना. शेवटी सोनवणेनं लॅपटॉप उघडला आणि गोदावरीचा धडा लावला. आवाज बारीक येत होता. "आवाज वाढव," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. त्यानं वाढवला. "सोनवणे, उभा राहा." शाळेत ते धडे अजून लावतात, म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात चौथी ओळ होती, पण रविवार असल्यामुळे पुढे नाव नव्हतं. पाळी कोणाची ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळेच उठले. टक्कल पडलेले, कडेवर मूल घेतलेल्या, स्वतः शिक्षिका झालेली शेख, आणि जिची पाळी कधीच आली नव्हती ती मीसुद्धा. ब्रह्मगिरी, असं सगळे एकदम म्हणाले. सोनवणेनंही म्हटलं. त्याचं उत्तर पहिल्यांदाच बरोबर आलं.

"चूक," सर म्हणाले. "नाशिकला राहून एवढं येत नाही? बस खाली."

कोणीही बसलं नाही.