काजमावशी आणि टेकडीवरची बस

शर्टांच्या कारखान्यात तिने उभं आयुष्य काजं करण्यात घालवलं, म्हणून ती सगळ्यांची काजमावशी. काम सुटल्यावर सुनेने तिला फोन घेऊन दिला. "तेवढाच वेळ जाईल तुमचा."

वेळ गेला, पण भलतीकडेच. टेकडीवरच्या वस्तीतून मोठ्या इस्पितळाकडे जाणारी एकुलती एक बस डेपोने बंद केली. त्याच बसने मावशीची धाकटी बहीण डायलिसिसला जायची. मावशीने फोनवर चार ओळी खरडल्या: 'बस बंद केलीत, आता बहिणीला पाठुंगळी मारून नेऊ का?' ओळी शहरभर फिरल्या. ग्रुप निघाला, त्यात हजारो माणसं आली.

'वणवा' या नावाने लिहिणारा एकजण होता. त्याचा रोज नवा व्हिडिओ, रोज नवा शत्रू. ते बघता बघता इकडे दूध उतू जायचं आणि तिकडे मावशी. भलत्याच बसच्या ड्रायव्हरला तिने भर रस्त्यात झापलं, "विकले गेलात सगळे!" 'बसच पेटवू' असं वणव्याने लिहिलं, तर खाली हिचाही अंगठा.

मुलगा वैतागला. "आई, तू कट्टर झालीयेस."

"बहिणीसाठी झाले. तू आपल्या मावशीसाठी काय झालास, तेवढं सांग."

मुलाने टीव्हीचा आवाज वाढवला.

मग एका दुपारी वणव्याने डेपो मॅनेजरच्या घराचा फोटो टाकला. खाली पत्ता, आणि 'चला, घरी जाऊन हिशेब करू.' दारापाशी चिमुकल्या चपला दिसत होत्या. मावशीने फोन डोळ्यांजवळ नेला. या माणसाला आपण अंगठे देत होतो!

तिने लिहिलं, 'तो पत्ता काढून टाक. भांडण डेपोशी आहे, त्याच्या लेकरांशी नाही.'

'म्हातारे, तू घरी बस.'

'घरी बसायचं असतं तर बस कशाला मागितली असती? तू ये की समोर. राहतोस कुठे?'

मध्येच कुणीतरी सांगून टाकलं, हा तर दुसऱ्याच शहरात राहतो. मावशी पुढचं लिहिणार, तोच तिला ग्रुपमधून काढून टाकलं.

"सुटलात एकदाच्या," सून म्हणाली.

"सुटते कसली? बस कुठे आलीय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी स्टूल घेऊन डेपोच्या फाटकात जाऊन बसली. ग्रुपमधल्या हजारोंपैकी कुणी फिरकलं नाही. सोबत बहीण, रजा काढून आलेली सून आणि रात्रपाळी करून आलेला वस्तीतला वॉचमन, एवढीच फौज. गाड्या अडल्या, हॉर्न वाजू लागले. मॅनेजर तणतणत बाहेर आला.

"तुम्हीच ना त्या ग्रुपवाल्या? तुमच्यामुळे माझी मुलं घराबाहेर पडत नाहीत!"

"ते वाईट झालं. मी पत्ता काढून टाका म्हटलं, तर मलाच हाकललं. पण बस बंद केलीत तेही वाईटच. ही माझी बहीण. हिला तोंडावर सांगा, बस का बंद."

त्याने पोलिसांना फोन लावला. पोलीस आले. मावशी उठेना. शेवटी स्टुलासकट उचलून तिला कडेला ठेवलं. ते गेले, तशी ती स्टूल ओढत परत फाटकात आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी नाक्यावरची फुलवाली आली, मग इस्पितळातल्या दोन नर्सा आल्या. मुलगा आधी आईला घरी न्यायला आला होता. तिथली माणसं बघून तोही फतकल मारून बसला.

महिन्याने सकाळची बस सुरू झाली. संध्याकाळची नाहीच. मावशीने सोमवार धरून ठेवला: दर सोमवारी फाटकात.

सून अजून ग्रुपमध्ये होती, तिने वाचून दाखवलं, "वणवा लिहितोय, आपण जिंकलो!"

"अर्ध्या बसवर कसलं जिंकणं?" मावशी म्हणाली. "त्याला लिही, सोमवारी ये. जागा धरून ठेवते."