वाटीतलं पाणी

सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये डॉक्टरांच्या खोलीत जो सरडा सापडला, तो माझा होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. हे वाक्य लेखाच्या शेवटासाठी राखून ठेवावं असा विचार होता. पण शेवटापर्यंत नेलं तर ते पुन्हा राहून जाईल, याची मला खात्री आहे. म्हणून आधीच लिहून टाकलं. आता डॉक्टरांविषयी लिहितो.

डॉक्टरांसारखा वाट पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांना काही विचारलं की ते आधी गप्प बसत. नळ का गळतो असं विचारलं तरी स्टूल घेऊन नळासमोर बसत आणि दहा मिनिटं थेंब पाहत राहत. मी अस्वस्थ होऊन "प्लंबरला बोलावू का?" म्हणालो, की शांतपणे म्हणत, "आधी पाहून घे ना बापा. पाना कुठं पळून जाते?" माणसांशीही तसंच. तुम्ही बोलता बोलता अडलात, तर ते तुमच्या तोंडात शब्द घालत नसत. तुमच्याकडे पाहत थांबत. कितीही वेळ. समोरचा माणूस शेवटी खरं बोलून मोकळा व्हायचा.

ते नागपूरचे. एका संशोधन संस्थेत प्लॅस्टिकवर काम करायचे. फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच: ते पन्नाशीला आलेले, मी नुकतं लग्न होऊन बायकोला पुण्यात ठेवून आलेला. कुणी "डॉक्टर, जरा घसा पाहता का?" असं विचारलं, की ते म्हणत, "मी बादलीचा डॉक्टर आहे. बादलीला ताप आला तर सांगा." सकाळी खोलीतल्या छोट्या बुद्धमूर्तीसमोर बसून हलक्या आवाजात पंचशील म्हणत, मग आम्हा दोघांचा चहा ठेवत. माझ्या कपात साखर जास्त पडते हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. पुढची दोन वर्षं ती कमीच पडली.

मला सरडा का हवा होता, हे नीट सांगता येणार नाही. तांजोंग पगारच्या ऑफिसात दिवसभर बोलावं लागे, त्यामुळे घरी न बोलणारं काहीतरी असावं, एवढं खरं. दुपारच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये एकटा जेवताना मी फोनवर शॅमेलिऑन सरड्यांचे व्हिडिओ पाहत असे. सिंगापुरात तो पाळायला बंदी आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी एका ग्रुपवर ओळख झालेल्या माणसाने एमआरटी स्टेशनबाहेर कापडी पिशवी माझ्या हातात ठेवली आणि मी ती घेऊन घरी आलो. येमेनचा होता, डोक्यावर टोपीसारखा तुरा. माझ्या कपाटामागे काचेच्या पेटीत ठेवला. रातकिडे दिले, डहाळी दिली, स्टीलच्या वाटीत पाणी ठेवलं. वाटी रोज घासायचो. तीन आठवड्यांत तो मेला.

मेल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं. ते पेटीसमोर मांडी घालून बसले. डोळे खोल गेलेला तो जीव त्यांनी बराच वेळ पाहिला. मग वाटीकडे बोट केलं.

"हे काय आहे?"

"पाणी. रोज ताजं भरत होतो."

"हा सरडगुहिरा आहे," ते म्हणाले. ते कधीच शॅमेलिऑन म्हणत नसत. आपल्या भाषेत नाव असताना दुसरं कशाला, असं त्यांचं म्हणणं. "आमच्याकडं भंडाऱ्याच्या जंगलात याचा भाऊ राहते. लहानपणी पाह्यला आहे. याला साचलेलं पाणी ओळखता येत नाही. पानावर थेंब हलला तरच तो चाटते. तीन हप्ते हा पाण्याच्या शेजारी बसून तहानला राहिला."

ते रागावले नाहीत. त्यांनी त्याला गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं आणि वरून माती दाबताना एवढंच म्हणाले, "प्रेम केलंस. पण पाह्यलं नाहीस."

महिनाभराने मी पुन्हा विषय काढला. दुसरा आणायचा, पण या वेळी नीट निवडून. मला वाटलं ते उडवून लावतील. त्यांनी कागद घेतला. तो रविवार होता. लिटिल इंडियात इडली खाता खाता त्यांनी आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. आडव्या ओळीत जाती, उभ्या ओळीत प्रश्न. त्याच्या गावी रात्री किती गार होतं? त्याला किती उंच झाड लागतं? हवा खेळती लागते का? त्याला शेजार चालतो का? मी उत्साहाने एकेक नाव सांगत होतो. मादागास्करचा रंगीत, येमेनचाच पुन्हा, आणि माझा लाडका, केनियाच्या डोंगरातला तीन शिंगांचा.

"हा का?"

"दिसतो काय डॉक्टर. शिंगं बघा."

"शिंगं पाहून बैल घेते माणूस. हा डोंगरातला आहे, रात्री याला पांघरूण लागावं अशी हवा पाहिजे. टॅम्पिनीसमध्ये कुठून आणशील?" त्यांनी फुली मारली. "कोणता आवडला ते विचारू नको. तुझं घर कोणाला सोसेल, ते विचार."

मादागास्करचा रंगीत सरडा उकाडा सोसण्यात पास झाला. मी खूश झालो. तेव्हा त्यांनी शेवटचा रकाना काढला आणि त्यावर लिहिलं: पकडले गेलो तर त्याचं काय?

"त्याचं म्हणजे? आपलं काय होईल ते लिहा ना."

"आपलं काय होईल ते कायद्यात लिहिलेलं आहे. त्याचं कुठं लिहिलं आहे?"

त्या रकान्यात सगळ्यांना फुल्या पडल्या. त्यांनी कागदाची घडी करून माझ्या खिशात घातली. "झाली निवड. कोणताच नाही. चटणी घे." मी हो म्हणालो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण माणूस हो म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ हो असतो, असं त्यांना वाटायचं.

पंधरा दिवसांनी मी तीन शिंगांचा घेऊन आलो.

तिसऱ्याच दिवशी डॉक्टरांना तो दिसला. माझ्या पश्चिमेच्या खोलीत, जाळीच्या पिंजऱ्यात, तोंड उघडून धापा टाकत होता. ते दारातच उभे राहिले. मी स्पष्टीकरण जुळवत होतो. ते माझ्याकडे पाहत थांबले. मी म्हणालो, "चूक झाली." मग ते आत आले.

"नाव ठेवलं का?"

"नाही अजून."

"ठेवू नको. पाहुणा आहे."

त्यांनी पिंजरा उचलून आपल्या खोलीत नेला, कारण त्यांची खोली सावलीच्या बाजूला होती. डॉक्टर कधी एसी लावत नसत. "ती नोकरीची हवा, घरी कशाला" असं म्हणत. आता रात्रभर एसी चालू लागला आणि त्यांच्या बायकोने विणलेला लोकरी स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून ते विषुववृत्तावर झोपू लागले. पिंजऱ्यावर सलाइनची नळी टांगली, तिच्यातून पानांवर थेंब थेंब पाणी पडे. पहिल्यांदा त्याने थेंब चाटला तेव्हा त्यांनी मला हाक मारली. आम्ही दोघं श्वास रोखून पाहत होतो. त्याचा एक डोळा पानाकडे, दुसरा डॉक्टरांकडे.

"लोक उगाच म्हणतात, सरड्यासारखा रंग बदलते म्हणून," ते म्हणाले. "हा घाबरला की काळा पडते, निवांत झाला की हिरवा. याच्या मनात आहे ते अंगावर दिसते. याच्याइतका भोळा कोणी नाही."

त्याच रात्री जेवताना ते म्हणाले, "सोमवारी आपण दोघं जाऊ. वन्यजीव खात्यात स्वतःहून देऊन टाकू. मी बरोबर येतो, बोलतोही मी. पण आणला कोणी, ते तू सांगायचं."

माझ्या बायकोचा इथे राहण्याचा पास तेव्हा प्रक्रियेत होता. तिला चौथा महिना लागला होता. माझ्या नावावर असं काही निघालं तर तिचा पास अडेल, कदाचित माझाही जाईल, ही भीती होती. मी म्हणालो, "ती येऊ दे, मग जाऊ." ते म्हणाले, "बरं." पुढच्या सोमवारीही मी तेच म्हणालो. त्यांच्या स्वतःच्या कायम वास्तव्याचा अर्जही तेव्हा गेलेला होता. मुलीची बारावी होती, तिला पुढच्या शिक्षणासाठी इथे आणायचं होतं. आपल्या खोलीत काय ठेवलं आहे आणि त्यामुळे काय जाऊ शकतं, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. त्याबद्दल ते एकदाही बोलले नाहीत. फक्त दर रविवारी विचारत, "उद्या?"

करारानुसार दर तीन महिन्यांनी एसी साफ करायला माणूस येतो, आणि तो प्रत्येक खोलीत जातो. हे इथे नवीन आलेल्यालाही ठाऊक असतं. मी ती तारीख विसरलो. डॉक्टर कामावर गेले होते, दार मीच उघडलं. शिडी घेऊन तो त्यांच्या खोलीत शिरला आणि आतून आवाज आला, "वा, बॉस, दिस वन गॉट हॉर्न, अह? लाइक डायनोसॉर, लाह." भला माणूस होता. हसत हसत त्याने फोटो काढला. मी काढू नको म्हणालो नाही, कारण तसं म्हटलं असतं तर यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याला कळलं असतं. संध्याकाळी डॉक्टरांना मी हे सांगितलंच नाही.

चार दिवसांनी, शनिवारी सकाळी, दोन अधिकारी आले. एक पुरुष, एक स्त्री. दोघंही अतिशय सभ्य. चपला बाहेर काढू का, असं त्यांनी विचारलं. स्वयंपाकघरात कुकर लावलेला होता. पिंजऱ्याजवळ चार माणसं जमल्यावर तो फांदीला घट्ट धरून काळा पडत गेला, आधी पाठ, मग पोट, मग शिंगांपर्यंत.

बाईंनी विचारलं, हा कुणाचा?

डॉक्टर माझ्याकडे वळले. ते थांबले, नेहमीसारखे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, इशारा नव्हता. नळाकडे पाहायचे तसेच ते माझ्याकडे पाहत होते, काहीतरी गळेल याची वाट बघत. कुकरची एक शिट्टी झाली. मला समोर बायको दिसत होती, पुण्यात बॅग भरत बसलेली. दुसरी शिट्टी झाली.

मी म्हणालो, "तो यांच्या खोलीत असतो."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

डॉक्टरांनी नजर माझ्यावरून काढून घेतली. त्या बाईंना इंग्रजीत म्हणाले, "होय, ही माझी खोली. याला खायला मी देतो." बाईंनी लिहून घेतलं. पिंजरा नेताना ते त्यांच्यामागे लिफ्टपर्यंत गेले आणि सांगत राहिले: रात्री गार ठेवा. वाटीत पाणी देऊ नका, त्याला ते दिसत नाही. पानावर शिंपडा. त्या पुरुष अधिकाऱ्याने तेही लिहून घेतलं.

परत आल्यावर त्यांनी गॅस बंद केला. "भात लागला," म्हणाले.

पुढे चौकशी झाली, दंड झाला. त्यांचा अर्ज नामंजूर झाला आणि वर्षाअखेरीस नोकरीचा करार वाढला नाही. कारण कागदावर नव्हतं, मीही विचारलं नाही. दरम्यान माझी बायको आली. तिच्या डोहाळजेवणाला त्यांनी लिटिल इंडियातून मोगऱ्याच्या वेण्या आणल्या. "एवढा शहाणा माणूस आणि सरड्याचं कसलं वेड," असं ती म्हणाली, आणि मी मान हलवली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांचं नाव 'सरडेवाले डॉक्टर' पडलं. कुणीतरी म्हणालं, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, डॉक्टरांची थेट नागपूरपर्यंत." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आठवण मला त्या शनिवारापेक्षा जास्त छळते, कारण तेव्हा मला कुणी काही विचारलं नव्हतं.

चांगी विमानतळावर त्यांना सोडायला मी एकटाच गेलो. बॅग दिल्यावर आम्ही काचेजवळ उभे होतो. मी "डॉक्टर," म्हणालो आणि अडलो. ते थांबले. त्यांच्या विमानाची सूचना होईपर्यंत थांबले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कढीपत्त्याला रोज पाणी नको. माती पाहून घे आधी." आणि गेले.

त्यांनी त्या शनिवारी 'तो माझा' असं म्हटलं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. खोली माझी, खायला मी देतो, एवढंच ते म्हणाले. सकाळी जे शील म्हणत त्यात खोटं न बोलण्याचंही होतं, आणि ते त्यांनी त्या क्षणीही मोडलं नाही. माझ्यासाठी जागा मोकळी ठेवली होती. कुणीही केव्हाही येऊन ते वाक्य पूर्ण करावं, अशी.

गेल्या महिन्यात डॉक्टर नागपुरात वारले. तेराव्या दिवशी त्यांच्या मुलीचा मेसेज आला. ती तिथेच एका शाळेत शिकवते. तिने लिहिलं होतं: "काका, बाबा तुमच्याबद्दल नेहमी चांगलं बोलायचे. एक विचारायचं होतं. सिंगापूरचं सगळं ज्याच्यामुळे गेलं, तो सरडा बाबांनी का आणला होता? आई अजून त्यांना दोष देते. बाबांना विचारलं की ते म्हणायचे, सांगेल कोणीतरी. तुम्ही सोबत होतात, तुम्हाला माहीत असेल."

गॅलरीत कढीपत्ता आता माझ्या खांद्याला लागतो. मी माती पाहूनच पाणी घालतो. मेसेज वाचून एकोणीस दिवस झाले. त्या मायलेकींना मी एक उत्तर देणं लागतो. ते चार शब्दांचं आहे, आणि ते मी अजून दिलेलं नाही.