शिळं पाणी

अकोल्यात आमच्याकडे नळ आठवड्यातून एखाद्या वेळी येतो, आणि तो यायच्या सकाळी गल्लीभर लोक साठवलेलं चांगलं पाणी नालीत ओततात. शिळं झालं म्हणे. लग्न होऊन अमरावतीहून आले तेव्हापासून मला या प्रकाराचा संताप येतो. पोळी शिळी होते, पाणी कसलं शिळं? पण घरात पूजाअर्चेचा व्यवसाय, सोवळं कडक, आणि ड्रमांवर सत्ता सासूबाईंची. मी आपली एक बादली गुपचूप बाजूला काढून मागच्या चिंचेला घालायची. त्या चिंचेवर वटवाघळं राहत. अशुभ म्हणून सासूबाई तिकडे बघतही नसत.

यंदा मे महिन्यात एका सकाळी त्यांनी नळाच्या भरवशावर सगळे ड्रम रिकामे केले, माझी बादलीही. नळ आलाच नाही. दुपारी वीज गेली, कूलर थांबला आणि मागच्या टिनांच्या छपरावर काहीतरी धप्पकन पडलं. थोड्या वेळानं पुन्हा.

"काय पडून राह्यलं वं?" सासूबाईंनी विचारलं.

मी मागचं दार उघडलं. उन्हानं वटवाघळं गळून पडत होती. ओरडणं नाही, फडफड नाही. एका मेलेल्या मादीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं, जिवंत, आणि ते माझ्याकडे बघत होतं. अंगावर पाणी मारलं तर उरलेली वाचतील हे मला कळत होतं, आणि ड्रम कोरडे होते. सासूबाईंना फाडफाड बोलायचं म्हणून मी वळले, तर त्या पिण्याच्या पाण्याचा माठ घेऊन मागेच उभ्या होत्या.

"हे मार," म्हणाल्या.

खालच्या फांद्या जेमतेम भिजल्या आणि माठ संपला. पिल्लाच्या तोंडात मी ओला पदर पिळला. ते थोडा वेळ चाटत राहिलं, मग थांबलं.

दिवेलागणीला आम्ही दोघी ओट्यावर बसून वाट पाहिली. चिंचेवरून एकही उडालं नाही.

आता आमच्या घरचं पाणी नालीत जात नाही. सासूबाई जुनं पाणी वेगळं ठेवतात, आणि ऊन तापलं की मला म्हणतात, "जाय, त्याइले पानी मारून ये."

झाड रिकामं आहे, हे त्यांना ठाऊक आहे. तरी मी बादली घेऊन जाते, हात पोचेल तितक्या उंच पाणी उडवते. तिथं उभं राहायची मला भीती वाटते, आणि न जायची त्याहून जास्त.