हरणाच्या कातड्याला गोधडी

माझा स्वभाव संशयी आहे. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला परवापरवापर्यंत वाटत नव्हतं. तीस वर्षं पुण्यातल्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. जे डोळ्यांना दिसत नाही तेच घात करतं, असं रोज मुलांना सांगणाऱ्या बाईने भोळं राहून कसं चालेल? निवृत्त होऊन लेकीकडे अमेरिकेत, अल्फारेटाला आले, तेव्हा लोणच्याच्या बरण्यांबरोबर हा स्वभावही आला.

जावई इथलाच, जॉर्जियाचा. मुलगा चांगला आहे. मला ‘आई’ म्हणतो, भेंडीची भाजी मागून घेतो. पण शिकारीला जातो, त्याच्या वडिलांबरोबर. आमच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही, आणि माझे व्याही हरणं मारतात. लग्नात ही गोष्ट मी गिळली, पचली मात्र नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी दोघं परत आले. व्याह्यांना कंपवात आहे. हात इतके थरथरायला लागले होते की डॉक्टरांनी पुढच्या हंगामापासून बंदूक बंद करायला सांगितलं होतं. त्या दिवशीचं हरीण त्यांचं शेवटचं. तीन वर्षं त्याने त्यांना हुलकावणी दिली होती. कुंपणाची तार लागून त्याच्या गळ्याखाली पांढरा व्रण झाला होता, त्यावरून ते त्याला लांबूनही ओळखायचे. त्याचं मुंडकं भरून आमच्याच बैठकीत लावायचं ठरलं होतं, कारण व्याही आता त्यांचं घर सोडून आमच्याकडे राहायला येणार होते. “समोर खुर्ची टाकून बसेन,” ते मला म्हणाले. “दुसरं काय करायचंय?”

मुंडकी भरून देणाऱ्या टॅक्सिडर्मिस्टचं दुकान मंगळवारपर्यंत बंद होतं. तोवर मुंडक्या-मानेचं सोललेलं कातडं आमच्या गॅरेजमधल्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं होतं.

“आई, दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे,” लेक म्हणाली. “नीट पॅक केलंय त्याने. तुला चालेल ना?”

“मला काय, चालेल की,” मी म्हणाले.

जावयाने मला कौतुकाने सगळं समजावलं. कातडं लवकर गार झालं नाही तर बॅक्टेरिया केसांची मुळं खातात, मग केस झुबक्याझुबक्याने निघतात, आणि एकदा निघायला लागले की कुणाच्या बापाला थांबवता येत नाहीत. म्हणून त्याने कातडं सैल घडी घालून एकाच पातळ पिशवीत ठेवलं होतं. हुशार विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिल्यावर मान डोलवायचे, तशी मी डोलावली.

पण मनात पाल चुकचुकत होतीच. त्याच फ्रीझरमध्ये माझा खोवलेला नारळ होता, सोललेले वाल होते, दिवाळीसाठी करून ठेवलेल्या पुरणपोळ्या होत्या. एक पातळ पिशवी. रक्त झिरपलं तर? ती दोघं वर गेल्यावर मी पिशवीला हात लावून पाहिला. कोमट लागली. मला शिसारी आली आणि रागही आला. मग मी माझी लहान गोधडी आणली, पुण्याहून येताना लोणच्याच्या बरण्यांना गुंडाळलेली. कातड्याची घट्ट वळकटी केली, गोधडीत गुंडाळली, वरून कचऱ्याच्या तीन काळ्या पिशव्या चढवल्या, टेप लावली. नारळ वरच्या कप्प्यात हलवला. कुणाला काही बोलले नाही. ‘चालेल’ म्हणून बसले होते ना.

मंगळवारी जावई कातडं दुकानात देऊन आला. फ्रीझरमध्ये गोधडी नव्हती. न विचारता फेकून दिली असणार, अशी माझी खात्रीच झाली. दोन दिवसांनी ती चादरींच्या कपाटात सापडली, धुतलेली, घडी घातलेली. लेकीने धुतली असेल म्हणून मी विषय सोडला.

दहा दिवसांनी दुकानातून फोन आला. मानेवरचे आणि गळ्याखालचे केस सुटताहेत. शिंगं त्याच हरणाची ठेवून दुसऱ्या हरणाचं कातडं लावावं लागेल. जावयाने फोन ठेवला आणि दुकानात जायला गाडीची किल्ली घेतली.

मला मात्र लगेच सगळं स्पष्ट दिसलं. दुकानदार कातडं बाहेर विसरला असणार आणि आता स्वतःकडचं पडून असलेलं दुसरं गळ्यात मारतोय. “मी पण येते,” मी म्हणाले. चार प्रश्न कागदावर लिहून घेतले.

टॅक्सिडर्मिस्ट साठीचा, चष्मेवाला, शांत माणूस निघाला. मी विचारलं, मीठ कोणतं? त्याने पोतं दाखवलं. बारीक, आयोडिन नसलेलं. जाडं मीठ सगळीकडे सारखं बसत नाही, म्हणाला. किती वेळ ठेवता? उतरत्या फळीवर एक दिवस, पाणी निथळू द्यायचं, ओलं मीठ झटकायचं, पुन्हा नवं चोळायचं. आणि ओठ, कान? त्याने दुसरं एक कातडं उलटून दाखवलं. आतलं मांस पार खरवडलेलं, ओठ चिरून उघडलेले, कान मोज्यासारखे उलटे केलेले, म्हणजे मीठ कुठे पोचायचं राहू नये. माझी प्रयोगशाळा कधी इतकी नेटकी नव्हती. तरी मी म्हटलं, “मग केस सुटले कसे?”

तो चिडला नाही. आमचं कातडं त्याने पसरलं आणि कडेचे केस ओढून दाखवले. पक्के होते. मग मधले, गळ्याखालचे, नुसते चिमटीत धरले तर झुबका हातात आला. पांढऱ्या व्रणाभोवतीचं कातडं उघडं पडलं होतं.

“बाहेरून गोठलं, मधे दोन दिवस ऊब राहिली,” तो म्हणाला. “माझ्याकडे आलं तेव्हाच व्हायचं ते होऊन गेलं होतं. कशात तरी गुंडाळलं होतं का?”

मी प्रश्नांचा कागद मुठीत चुरगळला.

“मीच फार घट्ट वळलं,” जावई म्हणाला. “माझी चूक.” हे सांगताना तो मिठाच्या पोत्याकडे बघत होता.

 गाडीत मीच विचारलं, “गोधडी कुणी धुतली?”

“मी. थंड पाण्यात, मशीनच्या जेंटल सायकलवर,” तो म्हणाला. “आई, इट्स ओके. डॅडना सांगायची गरज नाही.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ऊब मिळाली की जंतू वाढतात, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्या संध्याकाळी मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी जेवले नाही.

मुंडकं मार्चमध्ये तयार झालं. इथे तेव्हा पाइनच्या पिवळ्या परागांनी गाड्या माखलेल्या असतात. व्याही त्याच आठवड्यात सामान घेऊन आले. बैठकीत शिरले, शिंगांकडे पाहून हसले. मग थरथरता हात वर करून त्यांनी गळ्याखाली बोटं फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. हसू मावळलं.

“व्रण कुठाय?”

“भरताना झाकला गेला असेल, डॅड,” जावई म्हणाला.

व्याह्यांनी मुलाकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. आयुष्यभर मी दूधवाल्याकडे, रिक्षावाल्याकडे, त्या बिचाऱ्या दुकानदाराकडे तशीच पाहत आले होते. आता या घरात ती रोज जेवायला बसणार होती, आणि ज्याच्यावर रोखलेली असणार तो पोरगा माझ्यासाठी खोटं बोलत होता.

“त्याने काही केलेलं नाही,” मी म्हणाले. “मी केलंय.” धीर एकवटून सगळं सांगितलं: पुरणपोळ्या, काळ्या पिशव्या, टेप. “हे कातडं दुसऱ्या हरणाचं आहे. तुमचं मी घालवलं.”

ते खुर्चीत बसले.  मग म्हणाले, “ती गोधडी बघू.”

मी आणून दिली. त्यांनी ती मांडीवर पसरली, टाके चाचपले, आणि दोन्ही हात तिच्याखाली सारले. हळूहळू हातांची थरथर दिसेनाशी झाली, म्हणजे असणारच, पण गोधडीखाली.

“खरंच,” ते म्हणाले, “फार छान धरून ठेवते ऊब.”