हातावर हात मारून झालेली नाला-पट्टी

पावसाच्या पाण्यावर पट्टी बसवायला निघालेला माणूस, अशी गावात माझी ओळख झाली आहे. चहाच्या टपरीवर मला पाहिलं की कोणीतरी म्हणतंच, "देव पाणी पाडस, आन वसुली आप्पा करस!" सगळे हसतात. मी हसत नाही.

माळावर लाल मिरची वाळत घालतात त्या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. नंदुरबारच्या अशाच एका पथारीवर आईशेजारी बसून मिरचीचे देठ खुडत मी मोठा झालो. पुढे या लहान शहरात आलो. हमाली केली, दलाली केली, आज स्वतःची पथारी आहे, पत्र्याचं गोदाम आहे. कोणी आयतं आणून दिलं नाही. म्हणून माझ्या माणसाचं कोणी काही हिसकावलं की माझं डोकं फिरतं. या वेळी हिसकावलं ते माझ्या ताईचं.

ताईचा मळा शहराच्या उताराला, नाल्याला लागून आहे. मेथी, पालक, कोथिंबीर. वरच्या अंगाला गॅरेजं झाली, लग्नाची लॉन झाली, गोदामांपुढे सिमेंटची आवारं झाली. त्यात माझंही एक. पाणी मुरायला जागाच राहिली नाही. जोराची सर आली की ऑइल, रंग, खताची सांडलवंड, प्लास्टिक, सगळं धुऊन नाल्यात येतं आणि नाला तुंबला की ताईच्या विहिरीत उतरतं. पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. बाजारात बायका तिची जुडी उचलतात, नाकाला लावतात आणि परत ठेवतात. "नालानी भाजी शे ती," एकीनं तिच्या तोंडावर म्हटलं. ती आमच्याच भाऊबंदातली.

मी नगरपालिकेत गेलो. नाला साफ करायला पैसाच नाही, असं उत्तर मिळालं. बरं, पैसा नाही तर पैसा येईल असा नियम करा, म्हटलं. एक वकील गाठला, खालचे मळेवाले जमवले आणि मागणी लिहून दिली. ज्याचं छप्पर मोठं, आवार मोठं, त्यानं त्या मापानं पट्टी भरावी. त्यातून नाल्याच्या तोंडाला जाळ्या बसवाव्यात, गाळ बसायला टाक्या बांधाव्यात, पावसाआधी सफाई करावी. आणि तो पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा, दुसऱ्या कामाला त्यातला रुपया जाऊ नये. पालिकेनं ठराव करायचा, लोकांच्या हरकती घ्यायच्या, मग सरकारची मंजुरी. एवढ्यासाठी मी चपला झिजवल्या.

माझेच व्यापारी माझ्यावर उलटले. "तुन्ही पथारीवरनं लाल पाणी कोठे जास रे? गंगामा?"

"त्याच नालामा जास! पहिली पावती मन्ही फाडा!" मी ओरडलो.

शेवटी नगराध्यक्षांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. मी दर मुद्दाम दुप्पट मागितला होता. मिरचीत पहिला भाव खरा नसतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. अध्यक्ष निम्म्यावर अडून बसले. मी रागानं उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. निम्म्याला तयार झालो, पण खातं वेगळंच राहील ही अट सोडली नाही. अध्यक्षांनी माझ्या हातावर हात मारला. "चाल आप्पा, व्हयी गयं."

आमच्या धंद्यात हातावर हात पडला की सौदा पक्का. सकाळी भाव कितीही चढो, माल ज्याला दिला त्याचाच. वर सही मागितली तर समोरचा ती शिवी समजतो. मी मागितली नाही.

सभेच्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. ठराव वाचला गेला. दर निम्माच होता, पण वेगळ्या खात्याच्या जागी शब्द आले, "शहर विकासाच्या कामांसाठी आवश्यकतेनुसार." त्याला लागून पुढचाच विषय होता गावाच्या प्रवेशद्वाराला कमान. मी उभा राहिलो. "तुम्ही हात मारेल शे मन्हा हातवर!" अध्यक्षांनी मान वर केली नाही. एक नगरसेवक म्हणाला, "आप्पा, हाई सभागृह शे, मिरचीना बाजार नही." शिपायानं दंड धरून मला बाहेर काढलं. बाजार असता तर असल्या माणसाला उद्या कोणी ढिगाजवळ फिरकू दिलं नसतं. हे मी पायऱ्यांवरून शिव्या घालत सांगितलं, खिडक्या उघड्या होत्या.

हरकती द्यायची मुदत जाहीर झाली तेव्हा मी त्याच व्यापाऱ्यांच्या दुकानांवर गेलो, ज्यांनी मला गंगा दाखवली होती. नाल्याचं नावसुद्धा काढलं नाही. एवढंच विचारलं, "तू कमानले पैसा देशी का?" कमान म्हटल्यावर एकेकाचं तोंड कडू झालं. पट्टी घ्यायची तर नाल्यापुरतीच, नाहीतर भरणार नाही, अशी हरकत सगळ्या बाजारपेठेनं दिली. नगरपालिकेला वेगळ्या खात्याचं वाक्य परत घालावं लागलं. ठराव सरकारकडे गेला. तो तिथंच पडून आहे. फोन केला की पलीकडून थंड आवाजात "प्रक्रियेत आहे" म्हणतात. माझ्या हातात फोन असतो म्हणून ठीक, माणूस असता तर काय झालं असतं कोण जाणे.

मधे पुन्हा पाऊस झाला. नंतर कळलं की ताई आता भाजीचं गाठोडं घेऊन पहाटेच्या एसटीनं खापरच्या बाजाराला जाते. मी तडक तिच्या घरी गेलो.

"इतली दूर कसाले जास?"

"तठे कोणी इचारत नही, भाजी कोठली शे."

"तठला लोके माणसं नहीत का?"

ती चुलीपुढून उठलीच नाही. "कायदा येस तवलगून मी काय माटी खाऊ?" म्हणाली. मग तिनं भाकरी आणि मेथीची भाजी वाढून ताट माझ्यापुढं सरकवलं. "मी बी हाईच भाजी खास. तू खाशी का?"

तिच्या घरी जेवायचं, त्या पाण्यावरची भाजी खायचं, मी अलीकडे टाळत होतो. कधी बाजार, कधी वकील, काहीतरी निमित्त सांगायचो. तिला ते कळलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी मांडी घालून बसलो आणि सगळी भाजी खाल्ली. चव नेहमीसारखीच चांगली होती. त्याचाच जास्त राग आला.