जांदिराच्या नावाची बाटली

झेनाइदेच्या दुकानात डॉक्टरची चिठ्ठी आली की ती मागच्या खोलीत जाऊन औषध तोलायची, मिसळायची आणि बाटलीवर त्या माणसाचं नाव चिकटवायची. मिनास प्रांतातल्या त्या गावात तिच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणत. खरं सांगायचं तर तिलाही ते ऐकायला फार आवडे.

वजन उतरवायची नवी इंजेक्शनं ती बनवू लागली आणि दुकानाच्या दारातल्या वजनकाट्यापुढे रांग लागली. ज्याची त्याची ढेरी उतरत होती. जांदिराचं वजन तेवढं हलेना. ती चीजचे गोळे भाजून विकायची, गुडघ्यांनी बेजार होती. डॉक्टरबाईंनी दोनदा डोस वाढवला, आता तिसऱ्यांदा.

"नुसतं पाणी भरून देतेस की काय गं?" तिने रांगेतल्या सगळ्यांदेखत विचारलं.

हे झेनाइदेच्या जिव्हारी लागलं. तिने तराजू तपासला, फ्रीज तपासला. तेच औषध घेऊन बाकीच्या बायका निम्म्या झाल्या होत्या. मग हिलाच काय धाड भरली? तिला चैन पडेना. नवी, जास्त ताकदीची बाटली तयार होताच ती स्वतःच पोचवायला निघाली. ही बाई औषध ठेवते तरी कुठे, हे तिला बघायचंच होतं.

दार जांदिराच्या नवऱ्याने उघडलं. ओदाईर म्हणजे गावच्या प्रत्येक मेजवानीत मांस भाजणारा, ढेरीवर ताल धरून गाणारा गडी. आता त्याची पँट सुतळीने बांधलेली होती, गाल आत गेले होते. चौकट धरून तो कसाबसा उभा होता.

झेनाइदेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझं औषध चांगलं आहे! क्षणभर तिला आनंदच झाला, आणि त्या आनंदाची तिला लगेच लाज वाटली.

"तू घेतोस?"

"पहिल्यापासून," मागून जांदिरा म्हणाली. "जिना चढताना याला धाप लागायची गं. पण म्हणे, सुया टोचून बारीक होणं बायकांचं काम. मग मीच माझ्या नावावर आणलं."

"आणि तो पाण्याचा टोमणा?"

"तुला संशय येऊ नये म्हणून."

"काल पाणीसुद्धा पोटात राहिलं नाही," ओदाईर पुटपुटला.

"अगं बये, वजन तुझं बघायचं आणि डोस याचा वाढवायचा! ही बाटली टोचली असतीस तर..." ती बाटली झेनाइदेच्याच हातची होती. तिने ती पर्समध्ये खोल टाकली. "चला. आत्ताच्या आत्ता डॉक्टरबाईंकडे."

"लोक बघतील," ओदाईर म्हणाला.

"बघू देत."

दवाखान्यातल्या बाकांवर ओळखीचेच सगळे बसले होते. नर्सने दारातून हाक मारली, "जांदिरा!"

सवयीने जांदिरा उठली. ओदाईरने तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि भिंतीचा आधार घेत तो स्वतः उभा राहिला.

"ती नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पेशंट मी आहे."