घोंगड्याची चार टोकं

माझ्या वडिलांना त्या बाईनं पाडलं नव्हतं. पण चावडीवर मीच सांगितलं, "बाईच्या हातात जोर न्हाई. म्हातारा टाकला तिनं." ते खोटं होतं, आणि बोलताना मला ते ठाऊक होतं.

लढाईची वर्षं होती. भाऊ पलटणीत, वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. सासऱ्याला सुनेनं हात लावायची आमच्यात रीत नव्हती आणि मला ते काम माझं वाटत नव्हतं. म्हणून कडेगावकडची एक विधवा कामाला ठेवली. बाळंतिणींचं न्हाणंधुणं करणारी, तान्ह्या पोरांना पायावर घेऊन अंघोळ घालणारी. महिन्याला जोंधळा, दिवाळीला लुगडं. सुट्टीचं तिनं विचारलं तेव्हा मी नुसता हसलो.

पहिल्याच दिवशी तिनं वडिलांच्या अंगाखाली घोंगडं सरकवलं आणि मला हाक मारली.

"आवं मालक, घोंगड्याला टोकं चार, मला हात दोन. दुसरी बाई बघा, न्हाईतर तुमी धरा."

"मग तुला कशाला ठेवलीय? दोन बाया लावून म्हाताऱ्याची वरात काढायची व्हय?"

ओसरीवर बसलेले हसले. त्यानंतर ती एकटीच, वडिलांच्या काखेत हात घालून, त्यांना न्हाणीपर्यंत ओढत नेऊ लागली.

एका सकाळी न्हाणीतून ओरडली, "मालक, या की! निसटाय लागल्यात!"

मी तीन पावलांवर होतो. "आलो," म्हणालो आणि पानाला चुना लावत राहिलो. वडील पडले, ती त्यांच्याखाली. त्यांचा खुबा मोडला, तिचं मनगट.

त्याच संध्याकाळी मी चावडीवर ते वाक्य बोललो. तिची आजवरची कमाई म्हणजे लोकांचा भरवसा, दुसरा कागद तिच्याजवळ नव्हता. जिनं म्हातारा टाकला तिच्या पायावर तान्हं पोर कोण देणार? मनगट सांधलं, तरी तिला कुणी बोलावलं नाही.

इकडे आमच्याकडेही कुणी येईना; तिचं मोडलेलं मनगट गावातल्या बायांनी बघितलं होतं. दोन महिने वडिलांना मीच उचललं. पहिल्याच दिवशी ते माझ्या हातून निसटून भिंतीवर आदळले. अर्धांगात त्यांची वाचाही गेली होती. ते फक्त माझ्याकडे बघत राहिले.

शेवटी परगावच्या दोन बाया आल्या, त्यांच्या अटींवर. दोघी मिळून काम, आठवड्याला एक दिवस मोकळा, पगार रोख. मी मुकाट्यानं कबूल झालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी घोंगड्याची चार टोकं धरून वडिलांना अलगद उचललं, आणि मला तिथं उभं राहवेना.

तिच्या दारात गेलो. ती झाडत होती. "माझं चुकलं," म्हणालो.

केरसुणी थांबली नाही. "मला कशाला सांगताय? मला ठावंच हाय. जितं बोललासा, तितं बोला. मी येते ऐकाय. आन् ह्या दारात परत येऊ नगा."

त्यानंतरही मी पंधरा दिवस चावडी टाळली. मग एका संध्याकाळी तिला निरोप धाडला. ती आली, पायरीखाली उभी राहिली.

मी उठून म्हणालो, "म्हातारा बाईनं टाकला न्हाई. तिनं दुसरा माणूस मागितला, मी दिला न्हाई. तिनं हाक मारली, मी उठलो न्हाई. हितं मी खोटं बोललो."

"बाईनं लय दम भरलाय गड्याला!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. ती हसली नाही, हलली नाही.

हशा थांबेपर्यंत मी थांबलो. मग पायरी उतरून तिच्यासमोर हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, तुमची भाकर मी हिरावली. मला माफ करा."